मल्हारीची सजा

(औरंगाबाद. पुलिस ॲक्शनला दहा वर्षं झाली आहेत. फौजदारी कोर्टामागची कोठडी. गजाआड एक जण, बाहेर दोघे.)

काकासाहेब : ...आणि म्हणून छाती काढून उभा राहा, फकिरा! ही निजामाची रियासत नाही, हे प्रजासत्ताक आहे. इथं कायद्यापुढं राव नाही, रंक नाही, हिंदू नाही, मुसलमान नाही. हा काकासाहेब वकील उभा असताना तुला या मातीतून उपटून सरहदीपलीकडं फेकणारा अजून जन्माला यायचाय!

मल्हारी : साहेब, म्या मल्हारी. फकिरा त्यो गजाआड हाय.

काकासाहेब : मग मघापासून मान का हलवतोयस?

मल्हारी : तुमी बोलत व्हता म्हनून.

फकिरा : बोला साब, बोला. इकडं बी ऐकू येतंय.

काकासाहेब : तुम्ही दोघं सख्खे भाऊ शोभता. दाढीसुद्धा तीच.

मल्हारी : लहानपनापासून लोक फसतेत. दौलताबादच्या किल्ल्याखाली एकाच माळावर वाढलो आमी. मी धनगराचा, ह्यो इमाम पिंजाऱ्याचा. पर मास्तर एकाला मारायचा अन् रडायचा दुसरा.

काकासाहेब : असो. पुकारा कधीही होईल. फकिरा, सरकार म्हणतं तू परदेशी माणूस आहेस, व्हिसा संपला तरी इथंच राहिलास. पुरावा काय, तर तुझा पाकिस्तानचा पासपोर्ट. तो कशाला घेतलास?

फकिरा : कराचीला बहीन दिली व्हती. तिचं काय खरं नाय म्हनून निरोप आला, गेलो. ती मेली. परत निघालो तर म्हनले, हितल्या पासपोर्टाबिगर सोडत नाय. घेतला. मला वाटलं तिकिटावानी असंल. उतरलं की फेकून द्यायचा.

काकासाहेब : मग फेकला का नाहीस?

फकिरा : त्याच्यात फोटो व्हता, साब. जल्मात एकदाच काढला. अम्माला लई आवडला.

काकासाहेब : आणि फौजदारालाही आवडला. आता नीट ऐक. सरकार म्हणतं तू पुलिस ॲक्शन झाल्याझाल्या पळालास. मी म्हणतो, नंतर गेलास. राज्यघटना लागू झाली त्या दिवशी तू इथं होतास असं दाखवलं, की तू इथला. मग पासपोर्टाचं काय ते दिल्ली बघून घेईल, हे कोर्ट तुला हात लावू शकत नाही. पण दाखवायचं आपण. खुनाच्या खटल्यात खून शाबीत करायचं काम सरकारचं असतं. इथं आपणच शाबीत करायचं, की बाबा, आपण आहोत. बोल, त्या सव्वीस जानेवारीला कुठं होतास?

फकिरा : हर्सूलच्या जेलात.

काकासाहेब : शाबास! अरे, सरकारच्याच ताब्यात! याहून थोर साक्षीदार कुठला? खात्री आहे ना?

फकिरा : जिलबी वाटली व्हती. जेलरसाब म्हनला, आजपासून राज्य तुमचं. म्या इचारलं, मंग घरी जाऊ का? म्हनला, तसं नाय.

काकासाहेब : झालं! जेलचं दप्तर मागवतो. तुझ्या नावासमोर...

फकिरा : माझं नाव नाय, साब. मल्हारीचं हाय.

काकासाहेब : काय?

मल्हारी : साहेब, रागावू नका. आमचं कसं हाय, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन आमी निघतो, गोदावरी वलांडून पार खाली. ती पावसाळ्याच्या तोंडाला माघारी. अन् खटला असला की तारीख हिथं. मेंढराला तारीख कळती का? मंग आमचे म्होरके ठरवायचे, तारखांना कोन ऱ्हाईल. ह्याला मेंढरं नव्हती. ह्यो ऱ्हायचा.

काकासाहेब : राहायचा म्हणजे?

मल्हारी : ज्याच्या नावचा पुकारा झाला त्याच्या नावानं हाजिर म्हनायचा. एकदा मुंजाबा झाला, एकदा रामकिसन. त्या साली माझी मेंढरं पाटलाच्या जवारीत घुसली, पाटलानं कोंडवाड्यात घातली. म्या रातच्याला कुलूप फोडून नेली, अन् राखनदार आडवा आला त्याला दोन ठिवून दिल्या. सजा पडली. म्या तवा खाली, परभनीकडं.

काकासाहेब : आणि तुझी सजा यानं भोगली.

फकिरा : जेवन बरं व्हतं, साब. थंडीबी व्हती बाहीर.

काकासाहेब : गावात कुणी आहे? त्या दिवसांत याला पाहिलेला?

मल्हारी : गाव म्हनतं, तवा त्यो दिसत नव्हता. खोटं नाय बोलत गाव. जेलातच व्हता.

काकासाहेब : मुंजाबा? रामकिसन?

फकिरा : त्यांच्या बी नावानं बसलोय की. त्ये कशाला येतेत?

काकासाहेब : म्हणजे उरलास तू, मल्हारी. पिंजऱ्यात उभा राहा आणि सांग, जेलात मी नव्हतो, हा होता.

मल्हारी : सांगतो की! आत्ता सांगतो. त्याच्यात काय?

काकासाहेब : त्यात एवढंच, की कोर्टाला फसवलं म्हणून तुझ्यावर खटला होईल. शिवाय ती जुनी सजा.

मल्हारी : ती तर झाली न्हवं एकदा?

काकासाहेब : कागदावर झाली. अंगावर व्हायचीय.

मल्हारी : ...साहेब, परवा मेंढरं निघायची हायती.

काकासाहेब : बरं.

मल्हारी : माझ्या पोरीला, आक्काबाईला पाहुनं बघून गेलेत. पोरीचा बाप जेलात म्हनल्यावर सोयरीक मोडती. तरी म्या सांगनार बरं का. फकत इचारतो, लगीन झाल्यावर सांगितलं तर?

काकासाहेब : तोवर तुझा दोस्त सजा भोगून सरहदीपलीकडं पोचलेला असेल.

मल्हारी : फकिरा, तूच बोल. तुझी अम्मा माझी बी अम्माच हाय. तू नसलास तरी तिला दोन टाईम भाकर आमच्या चुलीवरची. घरात बानाबाईला आधीच सांगून ठिवलंय.

फकिरा : आधीच सांगितलंस व्हय?

मल्हारी : आपलं... असावं म्हनून.

फकिरा : तिला दिसत नाय. ताट कुठं ठिवलं त्ये बोलून सांगावं लागतं.

मल्हारी : सांगल की बानाबाई.

फकिरा : माझ्या आवाजात सांगाय लाव. आवाज बी आपला सारखाच हाय, तूच सांग.

काकासाहेब : अरे, हे काय चाललंय? फकिरा, तुझा शेजारी नव्हे, तू हद्दपार होतोयस! कराचीत तुझं आता आहे कोण?

फकिरा : बहिनीची कबर हाय.

काकासाहेब : पुकारा झाला बघ. "फकिरा वल्द इमाम." मल्हारी, शेवटचं विचारतो. येतोस का आत?

मल्हारी : ...येतो. येतोच. जरा मेंढरं कुनाच्या हवाली करून...

फकिरा : साब, त्याला सोडा. जेल झेपायचा नाय त्याला. मेंढरं मोजल्याबिगर त्याला झोप लागत नाय. हाकिमाला म्हना, फकिरा कबूल हाय.

काकासाहेब : मूर्खा, दुसऱ्यांचे गुन्हे कबूल करून करून तुला सवय लागलीय! हा गुन्हा तुझ्या नावचा आहे. यात बदली माणूस मिळत नाही.

फकिरा : व्हय. लई वर्सांनी माझ्या नावानं पुकारा झाला. नाय म्हनायला बी कसंतरी वाटतं.

मल्हारी : फकिरा... म्या पोरीच्या लग्नानंतर अर्ज करतो. साहेब लिवून देतील. व्हय ना साहेब? तुला माघारी बोलवू. लगीच बोलवू.

काकासाहेब : माझ्याकडं बघू नकोस.

फकिरा : रडू नगस, मल्हारी. हिकडं ये, गजापाशी. तेवढं तुझं पायतान दे. माझ्याचा अंगठा तुटलाय.