लायसन बायकोच्या नावाचं

मी मूळचा सोनाळ्याचाच. बाप सायकली दुरुस्त करे, मले मातर लहानपनापासून रेडिओचं याड, म्हून रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. काय सांगू तुमाले, या हातानं गावातला एक सेट उघडाचा ठेवला नाही, तरी हवेत बोलाचं लायसन माह्या नावाचं नाही, बायकोच्या नावाचं हाये. वंदनाच्या. जळते हो माहं, खोटं काऊन बोलू.

हौसेनं रेडिओवर बोलनाऱ्याले हॅम म्हनतेत, त्याले सरकारची परीक्षा द्या लागते. एक भाग यंत्राचा, एक कायद्याचा. मोठ्या लायसनले कट्ट-कडकट्टवालं मोर्स याले लागते, छोट्याले नाही, आमी छोट्याचा फारम भरला. आमी म्हंजे मीच भरून राह्यलो होतो, तिनं आपला सोबत म्हून भरला. मी सोल्डर मारो, ती बाजूले बसून कायद्याचं पुस्तक वाचून दाखवे, अन् मी म्हनो, वाच वाच, येते मले सारं. निकाल लागला तं ती पास, मी कायद्यात नापास. उलटं छापलं असंन म्हून मी दोनदा विचारून आलो.

मंग सेट घ्याची गोष्ट निघाली. मी म्हनलो मोठा घेऊ, लाइटीवर चालनारा, भरपूर बटनायचा. ती म्हने अवो, पुरात पहिले लाइटच जाते, मंग तो काय शोभेले ठेवता? बॅटरीवर चालनारा साधा घ्या, उचलून नेता आला पाहिजे. लायसन तिचं, म्हून सेटही तिच्या मर्जीचा. छपरावर एरियल बांधलं म्या, पन पाहुने आले की तिले म्हनत, बोलून दाखवा ना बाई, अन् मले म्हनत, चहा सांगा.

मागच्या पावसाळ्यात सकाळीच पूर आला. लाइट गेली, टावर बंद, रस्ता दोहीकडून पान्याखाली, अन् भिंत पडून एक म्हतारा दबला. काढला तं पाय मोडलेला, रक्त थांबेना. वंदना त्याच्यापाशी होती, मी म्हनलो आता दाखवतो, अन् माईक घेतला, हॅलो, पूर आला, मानूस मरून राह्यला, लवकर या, लवकर या! बोलाचं बटन दाबूनच धरलं, म्हून समोरचा काय बोलते तेही आइकू येईना. जलमभर रेडिओ उघडले, अन् असं. ती धावत आली, म्हने सोडा ते बटन. सरकारनं देल्लं आपलं हवेतलं नाव, कॉल साइन, सांगितलं, गाव, जखमी किती, रस्ता कुठून बंद, बोट पाह्यजे, एकेक सांगितलं अन् बटन सोडून आइकू लागली. शेगावच्या हॅमनं सारं परत म्हनून दाखवलं, तहसीलीत फोन लावला, दुपारी बोट आली. म्हतारा वाचला.

मले आनंद झाला, हाव, झाला. पन तिच्या जागी मी असतो तं, हेच डोक्यात फिरे. लाज वाटते आता सांगाले.

परवा दुकानाचा बोर्ड रंगवाले देल्ला. पेंटरले म्हनलो, तिचं कॉल साइन बी टाक. त्यानं ते माह्या नावापेक्षा मोठं काढलं. म्हनलो, लहान कर बे. त्यानं ब्रश बुडवला, तवा मीच म्हनलो, राहू दे. सुखी राहो बाई माही, गावाच्या कामी येवो तिचा आवाज. माहं जळते ते जळू द्या.