दादाच्या विमानाचं नाक

अरे, विमानाला माणूस कळतो का? आमच्या आंबी गावात घरामागच्या शेडमध्ये दादाने स्वतः बांधलेलं विमान रिकामं असलं की शेपटीवर टेकतं. तो सीटवर बसला की नाक खाली यायचं. दादा जाऊन महिनाही झाला नाही. परवा मला राहवेना, मीच चढून बसलो. नाक वरच!

शेजारचा गण्या हसला, "लेका, दादा दणकट होता. तू काडी."

मी पुढे रेललो, दणके दिले. छे!

आई म्हणाली, "उतर, मोडशील." मी हटलो नाही. शेवटी तिनेच तांदळाचं गठुडं आणून माझ्या मांडीवर ठेवलं. नाक अलगद खाली आलं.

"आई, जमलं! उडवू?"

"न्हाई. नुसता बस जरा वेळ. मला बघू दे."