आधी मालकानं बसायचं

हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोघं भावंडं बसली होती. भावाचा पाय प्लास्टरमध्ये होता.

"ताई, ट्रेनिंगचं अनुदान मिळालं ना? मग चिडतेस कशाला?"

"त्या ऑफिसात खेटे घालून माझ्या चपला झिजल्या. तू एकदा तरी आलास?"

"मग बांधकामावर कोण थांबणार?"

"आता अट ऐक. परांची सुरक्षित कशी बांधायची, हे शिकायला कामगारांबरोबर मालकानंही बसायचं. मालक नाही आला, तर अनुदान रद्द."

"मी शिकू? अगं, वीस वर्षं परांच्या बांधतोय मी!"

"आणि परवा पडलास कशावरून?"

"फळी सरकली."

"ती बांधली कोणी होती?"

"झाली तुझी वकिली सुरू!"

"तुझ्या जागी आपले गवंडीमामा असते तर? मामींना काय तोंड दाखवलं असतंस?"

"...बरं बाई, बसतो. पण वर्ग दुसऱ्या मजल्यावर, तिथे लिफ्ट नाही. या पायानं चढू कसा?"

"कामगार तुला खुर्चीसकट उचलून नेणार आहेत. मी विचारलंय सगळ्यांना. मालक वर्गात बसणार म्हटल्यावर एका पायावर तयार झाले!"