खरं प्रवाळ

सदाशिव पेठेतल्या दवाखान्यात बापूराव पुस्तकात डोकं घालून बसले होते, पण कान शेजारच्या बाकावरच्या नवराबायकोकडे होते.

"अहो, छातीत दुखतं ते डॉक्टरांना सांगा."

"सांगितलं की तंदुरुस्तीचा दाखला मिळत नाही, आणि दाखल्याशिवाय प्रवाळबेटांच्या बोटीवर घेत नाहीत."

"त्या बेटांवर दवाखाना नाही, म्हणूनच मागतात ना दाखला?"

"सकीना, जन्मभर माशांच्या काचपेट्या बांधल्या. आत प्लास्टिकचं प्रवाळ ठेवलं. एकदा समुद्रातलं खरं बघू दे."

"बघा की. पण बघून घरी यायचंय ना?"

"तू आत फक्त गप्प बस."

"बसते. आधी खाली जाऊन दोन जिने चढून या."

"लिफ्ट असताना?"

"मघाशी ती बंद होती, तर सुरू होईपर्यंत खालीच थांबलात. का?"

"तू दमशील म्हणून."

"मी केव्हाच चढून वर आले होते."

बापूरावांनी बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

"करीम शेख, आत या," हाक आली.

"जा. मी इथेच बसते, म्हणजे गप्प राहायला सोपं."

"नको. तूही चल."

"कशाला?"

"माझ्या तोंडून निघणार नाही ते सांगायला."