सातव्या नंबरचं शून्य

(गेम बनवणाऱ्या कंपनीतली चाचणीखोली. दुपारचे अडीच. ताई इथल्या घरी खेळायच्या नव्या गेम-यंत्राची मुख्य रचनाकार. तिची सख्खी धाकटी बहीण विक्री विभागात.)

धाकटी : ...मग पुन्हा जाऊन बोर्डापुढं उभी राहिले, म्हटलं आपलीच नजर चुकली असेल. पण नाही. सातवी योजना बाद. सगळ्यांत चांगली तीच होती, ताई.

ताई : आधी ते दार लोट. बाहेर बसलेत खेळ तपासायला, पण कान सगळ्यांचे इकडं.

धाकटी : लोटलं. आता सांग. पाच परीक्षकांतली तू एक. सातला शून्य कुणी दिलं?

ताई : ते सांगायचं नसतं. विक्रीवाल्यांना नियम म्हणजे सूचना वाटतात, आम्ही पाळतो.

धाकटी : नियम पाठ आहे मला. यंत्राचं पुढं काय करायचं याची योजना कंपनीतल्या कुणीही द्यावी, तिच्यावर नाव नाही, नुसता नंबर. आणि पाचांतल्या एकानं जरी शून्य टाकलं तरी योजना बाद. सातला चौघांनी नऊ-नऊ दिलेत आणि एकानं शून्य. आता उरली कोणती? चौथी. किंमत निम्मी करा, आहे तेवढा माल उडवा आणि यंत्र बंद करून टाका. चार वाजता बैठक आहे, कंपनीच्या मोठ्या बाई त्यावर सही करतील. तुझं यंत्र जातंय, ताई. सहा वर्षं घातलीस त्यात.

ताई : माझ्या यंत्राचा कळवळा तुला कधीपासून?

धाकटी : दुकानांचे फोन मला येतात म्हणून. आठ महिने झाले, खोकी जागची हलत नाहीत. परवा एक दुकानदार म्हणाला, बाई, तुमची खोकी मजबूत आहेत हो, त्यांच्यावर उभं राहून मी वरच्या फळीवरचा माल काढतो.

ताई : हे तू घरीही सांगितलंस. आईसमोर, हसत हसत.

धाकटी : तिनं विचारलं.

ताई : तेच. यंत्र मी केलं आणि ते कसं चाललंय हे आई तुला विचारते. ते बाजारात आलं त्या दिवशी मंचावर कोण होतं? तू. मी पडद्यामागं वायर धरून उभी.

धाकटी : ती वायर तूच मागून घेतलीस. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाहीस.

ताई : असेल. बरं, त्या सातव्या नंबरात एवढं काय आवडलं तुला?

धाकटी : त्याचा साधेपणा. खोक्यात एकाऐवजी दोन कंट्रोलर द्या म्हणे. घरी नेल्या नेल्या सगळ्यांना खेळता येतील असे चार छोटे खेळ आधीच भरून ठेवा. दुकानात आपण तो खांब उभा केलाय ना, एकट्यानं उभं राहून खेळायचा, तो काढा आणि दोघंतिघं बसतील असा सोफा टाका. आणि परत आलेली यंत्रं धूळ खात ठेवू नका, पंधरा-पंधरा दिवस लोकांना घरी खेळायला द्या. किंमत कमी करायची गरजच नाही. इतकी वर्षं मी विक्रीत आहे आणि मला हे सुचू नये, लाज वाटली गं.

ताई : वा. छान जमतं तुला.

धाकटी : काय जमतं?

ताई : स्वतःची पाठ स्वतःच थोपटायची आणि वर लाजायचं.

धाकटी : थांब. तुला सातवी योजना माझी वाटली?

ताई : वाटली नाही, ओळखली. पहिल्या वाक्यात ओळखली. ‘एक जण खेळतो आणि शेजारी बसलेल्याचा हात रिकामा राहतो.’ हे तू कुणाला ऐकवलंस ते मला कळत नाही का?

धाकटी : कुणाला?

ताई : मला. लहानपणी खेळ माझ्या हातात असायचा आणि तू मला चिकटून बसायचीस, ताई आता मी, ताई आता मी. नाही दिला तुला. मान्य आहे. पण म्हणून तीस वर्षांनी ते कंपनीच्या बोर्डावर लावायचं?

धाकटी : म्हणजे शून्य तू दिलंस.

ताई : दिलं.

धाकटी : ताई, मी योजना दिलीच नाही.

ताई : आता खोटं नको बोलूस.

धाकटी : लिहायला घेतली होती. चार ओळी झाल्या आणि मनात आलं, हिच्या यंत्रावर बोट ठेवलं तर ही वर्षभर तोंड बघणार नाही. तसाही माझा फोन तिसऱ्यांदा केल्याशिवाय उचलत नाहीस. फाडून टाकली. माझ्या विभागात कुणालाही विचार. आणि ती योजना पुढं वाचलीस का? गोदामात चाळीस हजार सुटे कंट्रोलर पडून आहेत, तेच खोक्यात घाला, नवे बनवायला नकोत, असं लिहिलंय. हा आकडा मला कुठून कळणार? विक्रीवाल्यांना गोदामाच्या दारात तरी उभं करतात का?

ताई : पहिल्या वाक्यापुढं मी नीट वाचलं नाही.

धाकटी : नाहीच?

ताई : डोळे फिरवले. डोक्यात दुसरंच चाललं होतं.

धाकटी : आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात तो हाच. त्यातही गंमत बघ, नाक कापलंस आणि समोर कुणी नव्हतंच.

अण्णा : ताईसाहेब, येऊ का आत?

धाकटी : या की अण्णा. गोदाम सोडून आज वर कसे?

अण्णा : गुडघे नको म्हणत होते, पण मन ऐकेना. धाकट्या बाई आहेत तेही बरंच झालं. एक विचारायचं होतं. ते सातवं बाद झालं म्हणतात. त्यात काय चुकलं एवढं कळलं असतं तर बरं होतं. म्हणजे माझं त्यात काही नाही. आपलं सहज.

धाकटी : सहज तीन जिने चढून आलात?

अण्णा : आता तुमच्यापाशी काय लपवायचं. माझंच आहे ते. सांगायचं नसतं हे ठाऊक आहे, पण लग्नच मोडलं म्हटल्यावर नवरदेवाचं नाव झाकून काय करायचं? नातीनं टाइप करून दिलं मला. परत आलेलं यंत्र माझ्याच खिडकीवर येतं ना. मी प्रत्येकाला बसवतो, पाणी देतो आणि विचारतो, का हो परत? बिघडलं म्हणणारा शंभरात एखादा. बाकीच्यांचं गाऱ्हाणं एकच. एक जण खेळतो, बाकीचे बघत बसतात, मग रुसवेफुगवे, आणि यंत्र पुन्हा खोक्यात. एक आजोबा म्हणाले, आधी नातवाचं तोंड तरी दिसायचं, आता नुसती मान दिसते.

ताई : आणि ते पहिलं वाक्य?

अण्णा : रिकामा हात, ते? ते एका बाईंचं. त्यांनी खिडकीतून असा हात उघडून दाखवला मला. म्हणाल्या, मी लेकाशेजारी तासभर बसते, पण हा हात बघा, रिकामा. मी तसंच्या तसं उतरवलं. आम्ही खोकी रचणारी माणसं, भाषेत काही चुकलं असेल.

ताई : चुकलं नाही अण्णा.

अण्णा : तुमचं यंत्र सोन्यासारखं आहे हो. परत आलेली किती उघडून बघितली मी, एका स्क्रूची तक्रार नाही. म्हणून तर लिहायचं धाडस केलं. एवढं गुणी लेकरू आणि घरोघर कोपऱ्यात बसलंय, बरं वाटत नाही. आणि शून्य ज्यानं कुणी दिलं त्याच्यावर माझा राग नाही, हेही सांगून ठेवतो. माणूसच तो. आपल्याच पोटात काही सलत असलं की समोरचं गोडही कडू लागतं. त्या बिचाऱ्याला देव सुखाची झोप देवो. येतो मी, खाली गाडी लागली असेल.

धाकटी : बिचाऱ्याला.

ताई : ऐकलं मी.

धाकटी : अजून सव्वा तास आहे हातात. गुण बदलता येतात ना?

ताई : बैठक सुरू होण्याआधी येतात. पण कारण लिहावं लागतं, आणि बैठकीत उभं राहून स्वतः वाचावं लागतं. म्हणून आजवर कुणी बदलले नाहीत.

धाकटी : तू बदल.

ताई : बदलणारच आहे. तो गुणांचा कागद दे इकडं.

धाकटी : देते. आधी एक सांग. अण्णांची निघाली म्हणून बदलतेस. माझी असती तर?

ताई : वेळ कमी आहे, कागद दे.

धाकटी : माझी असती तर, ताई?

ताई : तर नसते बदलले.

धाकटी : यंत्र बंद पडलं असतं तरी?

ताई : तरी. सकाळी शून्य लिहिताना मनात अगदी शब्द आले, हिनं तारण्यापेक्षा बुडालेलं बरं. लोक काय म्हणाले असते? थोरलीनं बुडवलं, धाकटीनं वर काढलं. आईनंही तेच म्हटलं असतं, आणि शेजारी बोलावून म्हटलं असतं.

धाकटी : सांगितलंस ते बरं केलंस. मग माझंही ऐकून घे. पहिल्या महिन्याचे विक्रीचे आकडे आले ना, पडलेले, त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवले.

ताई : काय?

धाकटी : गोड लागलं जेवण. शाळेत प्रत्येक बाई मला विचारायची, तू तिची बहीण ना, मग गणितात अशी कशी? म्हटलं, घ्या, आता तिचंही गणित चुकलं. दुसऱ्या दिवशी दुकानदारांची तोंडं बघितली आणि सगळी गोडी उतरली. पण एक दिवस गोड लागलं, ते लागलं.

ताई : एकच दिवस?

धाकटी : दीड.

ताई : आण तो कागद. पेनही दे.

धाकटी : कारण असं लिही, ‘गोदामाचा आकडा वाचताना नजरचूक झाली.’ अगदीच खोटं नाही, तू तो वाचलाच नाहीस. आपल्या घरातलं सगळ्या कंपनीपुढं कशाला मांडायचं?

ताई : बैठकीला अण्णा असतात?

धाकटी : असणारच. गोदामाचे प्रमुख ना ते, सगळ्या विभागांचे प्रमुख असतात.

ताई : मग आकडा म्हटलं की त्यांना वाटेल, आपलंच काही चुकलं. खाली जातील आणि ते चाळीस हजार पुन्हा मोजायला बसतील. त्या गुडघ्यांनी.

धाकटी : बसतील खरे. मग काय लिहिणार?

ताई : लिहिलं. वाच.

धाकटी : ‘ही योजना माझ्या धाकट्या बहिणीची आहे असं समजून मी शून्य दिलं. योजनेत दोष नव्हता. दहा गुण.’ ताई, हे तुला सगळ्यांसमोर वाचायचंय.

ताई : माहीत आहे.

धाकटी : मी तेवढा वेळ बाहेर थांबते. मला बघून तुला आणखी अवघड जाईल.

ताई : नको, समोर बस. तू नसलीस तर माझ्या तोंडून नजरचूकच निघेल.