आबांनी विचारलेली फॅट

तुम्ही हसाल, पण माझ्या पल्लवीला अणुभट्टीचं इंधन बनवणाऱ्या कारखान्यात जायची परवानगी मिळाली ती दुधामुळे. नेमणुकीचं पत्र आलं, सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि माझे सासरे म्हणाले, "न्हाय. असल्या इखारी कामाला माझी नात जायाची न्हाय." त्यांची सगळी नोकरी गावच्या दूध संस्थेत फॅट तपासण्यात गेली. त्यांच्या नकारापुढे घरात कोणी बोलत नाही.

पल्लवी त्यांच्याजवळ जाऊन बसली. "आबा, खाणीतल्या युरेनियममध्ये कामाचा भाग शंभरात एकसुद्धा नसतो. म्हणून त्याचा वायू करून यंत्रात गरागरा फिरवतात. जड भाग कडेला जातो, हलका मध्ये राहतो. तो हलकाच आपल्याला पाहिजे."

"म्हंजे साय काढायचं मशीनच की."

"तसंच. फक्त पुन्हा पुन्हा फिरवावं लागतं. मग त्याची पूड करून गोळ्या भाजतात आणि नळ्यांत भरतात."

"शेवटाला फॅट किती लागती?"

"चार-पाच टक्के."

"एवढ्यासाठी एवढा खटाटोप? आपली म्हैस सात देती की गं."

मला हसू आवरेना. ते मात्र गंभीरच होते. "आणि त्यात तुझं काम काय?"

"ते चार-पाच बरोबर भरलंय का, ते तपासायचं."

मग आबा मला म्हणाले, "सूनबाई, हिची बॅग भर." आणि तिला म्हणाले, "जा. पण सायबानं सांगितलं म्हणून आकडा वाढवून लिवायचा न्हाय. मी चेअरमनच्या म्हशीचाबी कधी लिवला न्हाय."