न मोजलेला हात

वारा सुटल्यामुळे उत्तर युरोपातल्या बोडो बंदराच्या धक्क्यावर बोट अडकली होती. सॉल्फ्रिद कॉफीच्या रांगेत उभी होती आणि तिच्या पुढे एक म्हातारा मासेमार, बैठकीहून परतलेल्या आपल्या पुतणीला फैलावर घेत होता.

"मग गुन्वर, वाचवलीस का आपली टेहळणी?"

"नाही, काका. हिवाळ्यात आपल्या समुद्रातल्या बोटींवर नजर ठेवणारी टेहळणी निम्मी करायचा ठराव झाला मंजूर."

"आणि तू काय माशा मारत बसली होतीस?"

"आपला देश युरोपीय संघात नाही. त्यांच्या सागरी सुरक्षा संस्थेत आपल्याला खुर्ची आहे, बोलताही येतं. मत तेवढं नाही."

"मत आहे कोणाला?"

"ज्यांच्या देशाला वीतभर किनारा नाही, त्यांनासुद्धा."

"वा रे न्याय! वादळात बुडायचं आम्ही, नि हात वर करायचे डोंगरातल्यांनी!"

"संघात जायचं का म्हणून सगळ्या देशाला विचारलं, तेव्हा 'नाही, नाही' करत गावभर बोंबलत कोण फिरलं होतं?"

"मीच! उद्या विचारलं तरी फिरेन. म्हणून काय तोंड शिवून बसायचं?"

"बसले नाही. विरोधात कोण, असं विचारल्यावर मीही हात वर केला."

"काय सांगतेस!"

"अध्यक्षबाई म्हणाल्या, खाली घ्या, तुमचा हात मोजत नाहीत. म्हटलं, मोजू नका, पण बघा तरी."

"शाब्बास! मग?"

"मग शेजारच्या आइसलँडवाल्यानेही केला. मत त्यालाही नाही."

"पुढची बैठक कधी आहे? मी येतो."

"तुला आत कोण घेणार, काका?"

"तुला तरी कुठे घेतलंय?"